हातपाय धड आहेत तोवर बोट विका

बोट विकणाऱ्या माणसाचं सांत्वन करायला लोक का येतात, हे मला कधीच पटलेलं नाही. फ्लोरिडापासून चेसापीक खाडीपर्यंत, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या कुठल्याही मरिनात हेच दिसतं. पासष्टी-सत्तरीतलं एखादं जोडपं आपली ट्रॉलर विकायला काढतं. (इथली ट्रॉलर मासेमारीची नसते. झोपायची खोली, छोटं स्वयंपाकघर आणि संथ डिझेल इंजिन असलेली ती राहती बोट असते.) त्या पैशांतून आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, घ्यायचं ठरतं आणि धक्क्यावर सुतकी चेहरे जमतात. ‘अखेर पाणी सुटलंच का?’ ‘गुडघे बोलायला लागले वाटतं!’ विचारणाऱ्यांपैकी कित्येकांच्या बोटींनी वर्षानुवर्षं धक्का सोडलेला नसतो. त्यांच्या दोरांवर शेवाळ चढलेलं असतं. तरी ते खलाशी ठरतात, आणि चाकांवरचं घर घेऊन उद्या मोंटानाला निघणारा माणूस हरलेला ठरतो.

हा हिशेब साफ उलटा आहे. बोट सोडण्यात हार नाही. उशिरा सोडण्यात आहे. शरीराने हात वर केल्यावर, पैसा संपल्यावर किंवा दोघांतलं एक गेल्यावर बोट सुटते, तेव्हा ती सोडलेली नसते, हिसकावून घेतलेली असते. ज्याने हसत किल्ल्या दुसऱ्याच्या हातात ठेवल्या आणि त्याच महिन्यात गाडीला किल्ली लावली, त्याचं अभिनंदन करायचं असतं.

बोट ही दोन माणसांची वस्तू आहे, आणि हे बोटवाले स्वतःशीसुद्धा कबूल करत नाहीत. बारा-पंधरा टनांचं धूड वारा आडवा आणि प्रवाह मागून असताना धक्क्याला लावायचं, तर एक जण सुकाणूवर लागतो आणि दुसरा हातात दोर घेऊन कठड्याशी. योग्य क्षणी मधला दोर खुंटाला पडला तर बोट अलगद आत येते. तो क्षण चुकला तर शेजाऱ्याच्या बोटीचा कठडा तरी जातो, नाहीतर मध्ये सापडलेला हात. हे काम शक्तीपेक्षा तोलाचं आहे, आणि वयाबरोबर आधी तोलच जातो. कान मंद होतात, सुकाणूवरून ओरडलेलं पुढच्या टोकाला ऐकू जात नाही, मग रेडिओचे हेडफोन विकत घेतले जातात. हेडफोन चांगलेच आहेत, घ्यावेत. पण हलत्या बोटीवरून ओल्या धक्क्यावर पाऊल टाकायची घटका आली की हेडफोन उपयोगी पडत नाहीत.

त्यातून बहुतेक जोडप्यांत सुकाणू कायम एकाच्या हातात असतं, आणि तो एक म्हणजे नवरा. बायको दोर सांभाळते, स्वयंपाक सांभाळते, हवामानाचा अंदाज ऐकते. पण धक्क्याला लावायची वेळ आली की सुकाणू तिच्याकडे येत नाही. मग बहामाच्या एक्झुमा बेटांमध्ये, जवळच्या मोठ्या इस्पितळापासून कितीतरी मैल दूर नांगर टाकलेला असताना त्याच्या छातीत कळ आली, तर तिने काय करायचं? सोळा नंबरच्या चॅनलवर हाक मारायची, हे सगळ्यांना पाठ असतं. पुढचं कुणाला पाठ नसतं. शिवाय अमेरिकेचं मेडिकेअर, म्हणजे पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्यविमा, काही मोजके अपवाद सोडले तर देशाबाहेरच्या उपचारांचे पैसे देत नाही. निळ्या काचेसारख्या पाण्याचे फोटो टाकणाऱ्यांनी खाली हेही लिहायला हवं.

आरव्ही या बाबतीत सरळ आहे. रस्त्याच्या कडेला थांबता येतं, आणि थांबलेली गाडी प्रवाहाबरोबर वाहत खडकावर जात नाही. ती वाऱ्याने फिरून उथळात रुतत नाही, रात्री नांगर निसटला का ते बघायला दोन वाजता कुणाला उठावं लागत नाही. मदत मागवायला रस्त्याचं नाव पुरतं.

उशिरा सोडलेल्या बोटींचं पुढे काय होतं, ते फ्लोरिडात उघड्या डोळ्यांनी बघता येतं. खाडीच्या कोपऱ्यात, पुलांच्या सावलीत, अर्धवट बुडालेल्या, डोलकाठी वाकडी झालेल्या बोटी. फायबरग्लास कुजत नाही. लाकडाची नाव गाळात मिसळून जाते, ही जात नाही. आधी मालक थकतो, मग इंजिन बंद पडतं, मग विमा संपतो. मग बोट एका डॉलरला कुणा हौशी तरुणाच्या गळ्यात मारली जाते, आणि त्यालाही तिचा खर्च झेपत नाही. पुढच्या वादळात ती कुणाच्या तरी अंगणात जाऊन पडते. २०२२ च्या सप्टेंबरात इयन चक्रीवादळ आलं, तेव्हा फोर्ट मायर्सच्या किनाऱ्यावर बोटींचे अक्षरशः ढीग लागले होते. बुडालेली बोट बाहेर काढायला हजारो डॉलर लागतात, आणि मालक सापडला नाही तर ते करदात्याच्या खिशातून जातात. फ्लोरिडाच्या वन्यजीव खात्याने आता एक योजनाच चालवली आहे: मोडकळीला येऊ लागलेली आणि त्याबद्दल ताकीद मिळालेली बोट मालकाने आपणहून सरकारच्या स्वाधीन करायची, मोडीत काढायचा खर्च सरकार उचलणार. योजना उत्तम आहे. पण आयुष्यभर पॉलिश करून जपलेली बोट शेवटी सरकारी मोडीत द्यावी लागावी, ही पाळी येऊ देणाऱ्या माणसाला मी पाण्याचा प्रेमी म्हणणार नाही. चालतं इंजिन, भरलेला विमा आणि दुरुस्त्यांची नीट लिहिलेली वही यांच्यासकट नव्या मालकाला बोट देणं, हे पाण्यावरचं खरं प्रेम.

कोकणातला नाखवा पावसाळ्याआधी होडी किनाऱ्यावर ओढतो, शाकारतो, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राकडे पाठ करून जाळी विणत बसतो. त्याला कुणी भित्रा म्हणत नाही. समुद्राला हंगाम असतो हे तो जाणतो. माणसाच्या अंगालाही हंगाम असतो, एवढंच इथल्या बोटवाल्यांना कुणीतरी सांगायला हवं. चक्रीवादळांचा मोसम १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत, हे त्यांना तोंडपाठ असतं. विमा कंपनी सांगते म्हणून ते त्याआधी बोट उत्तरेला नेऊन ठेवतात. स्वतःच्या खांद्याच्या आणि डोळ्यांच्या मोसमाची मात्र तारीख कुठेच लिहिलेली नसते.

आता जे ‘पाण्यावरून सगळा देश पाहिला’ म्हणून छाती काढतात, त्यांच्याबद्दल. अमेरिकेत बोटवाल्यांचं पंढरपूर म्हणजे ग्रेट लूप. सुमारे ६,००० मैलांची ही प्रदक्षिणा आहे. अटलांटिक किनाऱ्यालगतच्या आतल्या जलमार्गाने वर जायचं, हडसन नदी, मग १८२५ साली खुला झालेला ईरी कालवा, मग मोठी सरोवरं, शिकागो, इलिनॉय नदी, थोडी मिसिसिपी, ओहायो, टेनेसी, तिथून १९८५ पासून वाहता झालेला टेनेसी-टॉम्बिग्बी जलमार्ग, मोबाइल शहरापाशी मेक्सिकोचं आखात, आणि परत फ्लोरिडा. साधारण वर्ष लागतं. फेरी चालू असताना बोटीवर पांढरा ध्वज, पुरी झाली की सोनेरी. हा प्रवास भव्य आहे, यात शंका नाही. जलपाशांचे ते पाण्याचे जिने, प्रत्येक दरवाजामागे बोटीखाली उचलली जाणारी पाण्याची पातळी, तासाला आठ मैलांच्या वेगाने सरकणारी गावं. मला तर वाटतं, ज्याला जमेल त्याने आयुष्यात एकदा हे करावंच.

पण नकाशा उघडा आणि बोट ठेवून बघा. ही सगळी फेरी देशाच्या पूर्व अर्ध्यात संपते. त्याच्या पलीकडे रॉकी पर्वत आहेत, युटाहचे लाल खडक आहेत, दक्षिण डकोटातल्या बॅडलँड्सच्या धारदार कडा आहेत, न्यू मेक्सिकोतले पांढऱ्या जिप्समचे ढिगारे आहेत. यातल्या एकाही ठिकाणी ट्रॉलर जात नाही आणि कधी जाणारही नाही. वीस वर्षं पाण्यावर काढलेल्या माणसाने या देशाची एक कड पाहिलेली असते. उरलेला देश बघायचा राहिलाय, ही उमेद घेऊन जो आरव्हीत चढतो, त्याला निवृत्त झालेला कसं म्हणायचं?

लेखक जॉन स्टाइनबेकचं उदाहरण या लोकांपुढे ठेवायला हवं. हा माणूस पाण्याचाच होता. १९४० साली एड रिकेट्स या जीवशास्त्रज्ञ मित्राबरोबर ‘वेस्टर्न फ्लायर’ या मासेमारी बोटीतून तो कॅलिफोर्नियाच्या आखातात समुद्रजीव गोळा करत फिरला आणि त्यावर पुस्तक लिहिलं. पुढे लाँग आयलंडवर सॅग हार्बरला राहू लागला, तिथेही दारात स्वतःची बोट होती. १९६० साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, तब्येत कुरकुर करत असताना त्याने ठरवलं की ज्या देशाबद्दल आपण लिहितो तो पुन्हा डोळ्यांनी बघायचा. एका ट्रकवर घर बसवून घेतलं. ते घर लहान बोटीच्या केबिनसारखं हवं, असं त्याने बनवणाऱ्यांना कळवलं होतं. डॉन किहोतेच्या घोड्यावरून गाडीचं नाव ठेवलं रोसिनांते. निघायच्या तोंडावर डॉना चक्रीवादळ आलं. भर वादळात तो आपल्या बोटीवर पोचला, तिला मोकळ्या पाण्यात नेऊन नांगरली आणि पाण्यातून किनाऱ्याला परत आला, असं त्याने लिहून ठेवलं आहे. मग चार्ली नावाचा पूडल शेजारी बसवून तो रस्त्याला लागला. १९६२ साली पुस्तक आलं. रोसिनांते आज कॅलिफोर्नियात सॅलिनसला, त्याच्या जन्मगावी, त्याच्या नावाच्या संग्रहालयात उभी आहे. पाण्याशी असलेलं नातं त्याने गाडी घेतली म्हणून तुटलं नाही. केबिनची शिस्त त्याने चाकांवर आणली, आणि ती आणता येते हे साठ वर्षांपूर्वी दाखवून दिलं.

ती शिस्त म्हणजे काय, हे नव्याने रस्त्यावर येणाऱ्यांनी नीट समजून घ्यावं, कारण बोटवाल्याकडे इतर कुणाहीपेक्षा जास्त भांडवल आहे. बारा व्होल्टची बॅटरी, इन्व्हर्टर, सौर पत्रे, किनाऱ्यावरची तीस किंवा पन्नास अँपिअरची वीज, मर्यादित पाण्यात आंघोळ; हे सगळं तो झोपेत करतो. दाराच्या आड, पायरीच्या पोटात, बाकाखाली सामान कसं बसवायचं हे त्याला शिकवावं लागत नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठतो, हे बोटीवर जो शिकला तो आरव्हीत जमिनीलगत बसवलेल्या गॅस-सूचकाला कधी विसरणार नाही. मैल्याच्या टाकीची त्याला किळस नसते. एकच नवी गोष्ट: बोटीवर भांडी घासलेलं पाणी बहुतेक ठिकाणी सरळ बाहेर जातं, आरव्हीत त्याचीही वेगळी टाकी असते आणि ती मैल्याच्या टाकीआधी भरते. रिकामी करताना आधी मैला सोडायचा, मग साबणाचं पाणी, म्हणजे पाइप धुऊन निघतो.

आणि हे सगळं येत असलेला माणूस दुकानात जातो आणि चाळीस फुटांची बस घेऊन येतो. माझा सगळ्यात मोठा राग इथे आहे. बोटीचा हव्यास तसाच्या तसा रस्त्यावर आणलेला. बत्तीस फुटांची बोट होती तेव्हा शेजारच्या अडतीस फुटीकडे डोळे, आता शेजारच्या प्लॉटवरच्या चाळीस फुटीकडे. भिंती बाहेर सरकतात, आत विजेची शेगडी जळते, दोन न्हाणीघरं. ज्याला मोठं घर हवं होतं त्याने घर विकायचंच नव्हतं. ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात ‘गोइंग टू द सन’ नावाचा डोंगररस्ता आहे, या देशातल्या सर्वांत देखण्या रस्त्यांपैकी एक. त्याच्या डोंगरातल्या भागात २१ फुटांहून लांब वाहनाला बंदी आहे. चाळीस फुटांची बस घेऊन गेलेला माणूस फाटकापाशी थांबतो आणि पोस्टकार्ड विकत घेतो. व्हॅन किंवा २१ फुटांच्या आतली लहान गाडी घ्या, किंवा साधा ट्रेलर घ्या, म्हणजे तो तळावर ठेवून मोकळ्या गाडीने वर जाता येतं. जेवढी लहान गाडी, तेवढा मोठा देश.

यात सरकारचाही दोष आहे, तो सांगितलाच पाहिजे. बोट घ्यायला गेलात तर विमा कंपनी अनुभवाची कुंडली मागते: आधी किती फुटांची चालवली, किती वर्षं, कुठल्या पाण्यात. अनुभव कमी असला तर प्रशिक्षित कप्तान काही दिवस बरोबर घ्यायला लावते. आरव्हीला तसलं काही नाही. काही राज्यं तेरा टनांच्या आसपासच्या वजनावर वेगळा परवाना मागतात, पण बहुतेक ठिकाणी बहात्तर वर्षांचा माणूस साध्या मोटारीच्या परवान्यावर ती बस घेऊन थेट महामार्गावर जातो. हे बदलायला हवं. ते बदलेपर्यंत निदान दोन दिवसांचं प्रशिक्षण स्वतःच्या पैशाने घ्या, आणि दोघांनी घ्या. बोटीवर सुकाणू एकाकडेच ठेवण्याची जी सवय होती, तिला रस्त्यावर पाय ठेवू देऊ नका.

उंचीचंही तसंच. लूपवर निघणाऱ्या प्रत्येकाला एक आकडा पाठ असतो: शिकागोच्या खाली इलिनॉय जलमार्गावरचा साडेएकोणीस फुटांचा तो कायमचा पूल, ज्याखालून गेल्याशिवाय फेरी पुरी होत नाही. त्यासाठी लोक डोलकाठी उतरवतात, अँटेना आडव्या करतात, बोट घेण्याआधीच हा आकडा विचारतात. तीच माणसं आरव्ही घेतात आणि गाडीची उंची विचारली तर आभाळाकडे बघतात. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅममध्ये ११ फूट ८ इंचांचा रेल्वेपूल होता. ट्रकांची आणि भाड्याच्या गाड्यांची छपरं तो वर्षानुवर्षं सोलत आला. २०१९ मध्ये तो उचलून १२ फूट ४ इंच केला, तरी छपरं सोलली जाताहेत. मोठ्या मोटरहोमची उंची छपरावरचं एसी धरून त्याहून जास्त भरते. फोनमधला साधा नकाशा तुमच्या छपराची पर्वा करत नाही. गाडीची खरी उंची फुटपट्टीने मोजा आणि चालकाच्या डोळ्यांसमोर चिकटवा.

वजनाचं गणित मात्र बोटवाल्याला नव्याने शिकावं लागतं. पाणी उदार असतं. पेटारा जास्त झाला तर बोट इंचभर खाली बसते आणि चालते. टायर उदार नसतो. शंभर गॅलन पाणी म्हणजे ८३० पौंडांहून जास्त, त्यावर पुस्तकं, अवजारं, बोटीवरून ‘लागेल’ म्हणून आणलेली साखळी. गाडी ट्रकच्या काट्यावर नेऊन तोला. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आरव्हीचे टायर झिजून जात नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होतात. नक्षी कोरी करकरीत दिसते आणि आतून रबर फुटायला आलेलं असतं. सात वर्षांपुढचा टायर नवा दिसला तरी काढून टाका. आणि वाऱ्याला समुद्रावर जेवढा मान देत होता तेवढाच वायोमिंगमध्ये द्या. लॅरामी ते रॉलिन्सच्या पट्ट्यात इंटरस्टेट ८० वर वारा सुटला की हलक्या आणि उंच गाड्यांना रस्ता बंद होतो. तिथे थांबायचं असतं. बंदरात वाट बघायची कला तुम्हाला येते, ती इथे वापरा.

पैशांबद्दल दोन गोष्टी. पहिली, नवी गाडी घेऊ नका. महामारीच्या काळात सगळ्या देशाला एकदम कॅम्पिंगचा सोस आला आणि २०२१ साली कारखान्यांतून सहा लाख आरव्ही बाहेर पडल्या. त्यातल्या बहुतेक इंडियानातल्या एल्कहार्ट परिसरात, घाईघाईने जुळवलेल्या. २०२३ पर्यंत हा आकडा सव्वातीन लाखांच्याही खाली आला. सोस ओसरला आणि त्यातल्या कितीतरी गाड्या आज थोड्याशा वापरून विकायला उभ्या आहेत. आधी दोन आठवडे भाड्याने घ्या, मग दुसऱ्याच्या हातची घ्या, आणि बोट घेताना जसा तपासनीस लावला होता तसा इथेही लावा.

दुसरी गोष्ट, धक्क्याच्या भाड्यातून सुटलो या भ्रमात राहू नका. सन कम्युनिटीज ही आरव्ही पार्क आणि फिरत्या घरांच्या वसाहतींची मोठी कंपनी. तिने २०२० साली सेफ हार्बर ही देशातली सर्वांत मोठी मरिना साखळी २.११ अब्ज डॉलरला घेतली, आणि २०२५ मध्ये ती ब्लॅकस्टोनला ५.६५ अब्ज डॉलरला विकली. मधली साडेचार वर्षं बोटीच्या खुंटाचा आणि आरव्हीच्या प्लॉटचा मालक एकच होता. तुमच्या निवृत्तीवर पैसा लावणाऱ्यांना तुम्ही तरंगता की चाकांवर पळता याने फरक पडत नाही. पण रस्त्यावर एक गोष्ट आहे जी पाण्यावर आकसत चालली आहे: सार्वजनिक जमीन. पश्चिमेकडच्या संघराज्याच्या जमिनींवर बऱ्याच ठिकाणी २८ दिवसांत १४ दिवस फुकट राहता येतं. तिथे वीज, नळ असलं काही मिळत नाही, आणि शेजारीही नसतो. ज्याने नांगर टाकून आठवडे काढलेत त्याच्याइतकं हे कुणाला जमणार? प्लॉटवर प्लॉट लावून बसलेल्या पार्कमध्ये जन्म काढू नका.

वेगाचा मोह मात्र आवरा. बोटीवर दिवसाला पन्नास-साठ मैल झाले तर भरपूर झाले म्हणायचं. आता तेवढं तासात होतं, आणि काल-परवापर्यंत बगळे मोजत बसणारा माणूस दिवसाला पाचशे मैल हाणू लागतो. आरव्हीवाल्यांमध्ये तीनाचा एक जुना नियम आहे: दिवसात तीनशे मैलांहून जास्त नाही, दुपारी तीनच्या आत मुक्काम, एका जागी तीन रात्री. मी म्हणेन, तीनशेही जास्त आहेत. दीडशे करा.

आपल्या लोकांना वेगळं सांगायला हवं. सत्तरच्या दशकात अमेरिकेत आलेली मराठी पिढी आता निवृत्त आहे. न्यू जर्सी, ह्यूस्टन, शिकागोच्या उपनगरांत पाच खोल्यांच्या घरात दोन माणसं, आणि खोल्या पुसायला रविवार. यातल्या कुणी बोट घेतली की मंडळात कौतुक होतं. कुणी बोट विकून आरव्ही घेतली की पुण्याहून फोन येतो, ‘अगं, घरदार विकून गाडीत राहणार? लोक काय म्हणतील?’ लोकांना काय म्हणायचं ते म्हणू द्या. बासष्ट वर्षं पुरी झालेल्या नागरिकाला आणि ग्रीनकार्डवाल्यालाही ८० डॉलरमध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आजन्म पास मिळतो, आणि संघराज्याच्या कित्येक तळांवर मुक्कामाचं भाडं निम्मं होतं. ज्या देशाला पस्तीस-चाळीस वर्षं कर भरला, त्याची जंगलं आणि डोंगर बघायला एवढा पास पुरतो. किती मराठी घरांत तो पास आहे? जिथे नाही तिथे या महिन्यात आणा.

रस्त्याचाही शेवट येतो, हे लपवायचं कारण नाही. गाडीसुद्धा एक दिवस हातातून सुटते. पण आरव्हीवाल्यांनी त्याचा विचार करून ठेवलेला दिसतो, आणि बोटवाल्यांनी त्यांच्याकडून हे शिकावं. जो आणि के पीटरसन या जोडप्याने १९७८ साली एस्केपीज नावाचा आरव्हीवाल्यांचा क्लब काढला. टेक्सासमधल्या लिव्हिंगस्टनला त्यांच्या तळाशेजारी एक केंद्र आहे. गाडी चालवणं थांबलेले, आजारी किंवा एकटे पडलेले सभासद तिथे आपल्या आरव्हीतच राहतात. जेवण, साफसफाई, डॉक्टरकडे नेणं-आणणं ही कामं केंद्र बघतं. आपलं घर, आपली खिडकी, शेजारी आपलीच माणसं. धक्क्यावर रोज संध्याकाळी एकत्र बसणाऱ्या बोटवाल्यांना आजवर एकमेकांसाठी असं काही उभारता आलेलं नाही. ज्या मरिनात सुतकी चेहरे करून सांत्वनं होतात, तिथे ही शक्ती लावली असती तर बरं झालं असतं.

बोट असलेल्या प्रत्येकाला माझं एवढंच सांगणं आहे. आज रात्री जेवताना आपल्या जोडीदाराला सरळ विचारा: ‘मी नसलो, तर ही बोट तुला एकटीला धक्क्याला लावता येईल का?’ उत्तर ‘हो’ आलं तर येत्या रविवारी सुकाणू तिच्या हातात द्या आणि स्वतः दोर धरा. उत्तर ‘नाही’ आलं, आणि शिकायची दोघांचीही उमेद उरली नसेल, तर सोमवारी सकाळी दलालाला फोन करा.